होल्टरचा अहवाल समजून घेताना

खापरखेड्याहून नागपूर सुमारे २० किलोमीटर. सकाळी शहरातील रुग्णालयात जायचे, छातीवर चिकटपट्ट्या आणि तारा लावून घ्यायच्या, तळहातात मावेल एवढे यंत्र कमरेला अडकवून गावी परतायचे आणि दुसऱ्या दिवशी ते परत नेऊन द्यायचे, असा होल्टर चाचणीचा शिरस्ता आहे. त्यानंतर हाती पडतो तो अनेक पानांचा अहवाल. डॉक्टरांची भेट मिळेपर्यंत तो घरी वाचला जातो, शेजाऱ्यांना दाखवला जातो आणि ‘एक्टोपिक १,२४६’, ‘किमान गती ४१’, ‘पॉज ३’ अशा नोंदी पाहून घरच्यांची झोप उडते. उलट, शेवटी ‘नॉर्मल’ असा शेरा असला की चक्कर येऊन पडलेला माणूस निर्धास्तपणे मोटारसायकल बाहेर काढतो. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या ठरू शकतात. होल्टरमधील आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. त्या क्षणी रुग्ण काय करीत होता, त्याला काय जाणवले आणि त्याचे हृदय मुळात कसे आहे, या तीन गोष्टींच्या शेजारी ठेवल्यावरच त्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो.

एक लाख ठोक्यांची नोंद

साध्या ईसीजीत हृदयाची साधारण १० सेकंदांची विद्युत नोंद होते. चोवीस तासांत असे १० सेकंदांचे ८,६४० तुकडे बसतात. धडधड किंवा चक्कर नेमकी त्यांतील एका तुकड्यात येऊन गेली, तर दवाखान्यात काढलेल्या ईसीजीत ती सापडण्याची शक्यता किती, हे सांगण्याची गरज नाही. ही उणीव अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या हेलेना गावचे शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी भरून काढली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तयार केलेले पहिले यंत्र पाठीवर वाहून न्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेण्यासाठी माणसाने अर्ध्या पोत्याचे ओझे वाहावे, हा विनोदच म्हणायचा. पण त्यातूनच पुढे लहान यंत्रे आली. १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात होल्टर यांनी आपली पद्धत सविस्तर मांडली आणि त्यांचे आडनाव या चाचणीला कायमचे चिकटले.

मिनिटाला सरासरी ७० ठोके धरले तर दिवसभरात १ लाख ८०० ठोके होतात. अहवालाच्या पहिल्या पानावर एकूण ठोक्यांचा जो आकडा असतो, तो हा. ८० हजार ते सव्वा लाख यांच्या दरम्यान कोठेही तो असू शकतो आणि त्यात विशेष काही नाही. या सर्व ठोक्यांचे पहिले वर्गीकरण संगणक करतो. तंत्रज्ञ आणि डॉक्टर ते तपासून दुरुस्त करतात. ही तपासणी जेवढी काटेकोर, तेवढा अहवाल विश्वसनीय.

रात्रपाळीचा माणूस आणि घड्याळाची रात्र

खापरखेडा हे औष्णिक वीज केंद्राचे गाव. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक, असे संच येथे उभारण्यात आले. वीजनिर्मितीला रात्र नसते. त्यामुळे येथील कितीतरी कुटुंबांचे आयुष्य पाळ्यांच्या वेळापत्रकाने बांधलेले आहे. परिसरातील कोळसा खाणींतही तीच स्थिती. होल्टरच्या संगणकाला मात्र पाळी ठाऊक नसते. रात्री १० ते सकाळी ६ म्हणजे झोप आणि उरलेला वेळ म्हणजे जागेपण, असे काहीसे गृहीत धरून तो आकडे मांडतो.

समजा, रात्रपाळीच्या एका कामगाराने सायंकाळी यंत्र लावून घेतले. पहाटे २ वाजता बॉयलरच्या पायऱ्या चढताना त्याच्या हृदयाची गती ११८ झाली. सकाळी तो घरी येऊन झोपला आणि ११ वाजता ती ४१ पर्यंत उतरली. मध्ये एकदा २.४ सेकंदांचा विरामही आला. हे सर्व त्याच्या शरीराच्या दृष्टीने स्वाभाविक असू शकते. अहवालात मात्र ‘रात्री जलद गती’ आणि ‘दिवसा मंद गती व पॉज’ असे उमटेल. जागेपणी गती ४१ आणि वर विराम, हे हृदयातील नैसर्गिक गतिनियंत्रक पेशींच्या दुबळेपणाचे लक्षण मानले जाते. अशा रुग्णाला चक्करही येत असेल, तर पेसमेकरची चर्चा सुरू होणे अशक्य नाही. या सर्वांतून सुटका करणारी गोष्ट एकच: ‘सकाळी साडेआठला झोपलो, दुपारी ३ ला उठलो’ ही डायरीतील एक ओळ.

ही डायरी म्हणजे यंत्रासोबत मिळणारा छापील कागद. बहुतेक रुग्ण तो कोरा परत करतात किंवा ‘त्रास नाही’ असे लिहून मोकळे होतात. वास्तविक त्यात झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा, जेवण, चालणे, जिने चढणे, भांडण, औषधांच्या वेळा आणि विशेषतः त्रासाची वेळ लिहावयाची असते. चहा किती वाजता घेतला आणि खर्रा किती वाजता खाल्ला, हेही लिहावे. विदर्भात खर्रा लपविण्याची प्रवृत्ती मोठी आहे. पण तंबाखूतील निकोटिन हृदयाची गती वाढवते आणि काहींना त्याने धडधडही होते, म्हणून डॉक्टरांना ती वेळ कळणे उपयोगाचे असते. वेळ लिहिताना भिंतीवरचे घड्याळ न पाहता यंत्राच्या घड्याळाशी जुळवून घेतलेले घड्याळ पाहावे. बहुतेक यंत्रांवर एक बटण असते. धडधड, भोवळ, छातीत दुखणे यांपैकी काही जाणवले की ते दाबायचे, म्हणजे नोंदीत खूण उमटते. या एका बटणाचे मोल अहवालाच्या कित्येक पानांहून अधिक आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

किमान, कमाल आणि विराम

हृदयाची किमान, कमाल आणि सरासरी गती पहिल्याच तक्त्यात असते. निरोगी माणसाची गती गाढ झोपेत ४० च्या घरात जाऊ शकते; तरुण आणि व्यायामपटूंमध्ये त्याखालीही. कमाल गती श्रमाच्या वेळची असेल आणि हळूहळू वाढत जाऊन हळूहळू उतरली असेल, तर ती सहसा नैसर्गिक असते. बसल्याजागी अचानक, कळ दाबल्यासारखी १७० झाली आणि तशीच अचानक थांबली, तर तो लयबिघाड असण्याची शक्यता अधिक. म्हणजे कमाल आकड्याइतकेच महत्त्व तो कसा गाठला गेला याला असते आणि ते त्या वेळच्या आलेखातच दिसते.

रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, ताप आणि पाण्याची कमतरता यांनीही दिवसभराची गती चढी राहते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय आहेत; त्यामुळे सरासरी गती सतत अधिक आढळल्यास हृदयाची औषधे सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासणे शहाणपणाचे. दम्याच्या काही औषधांनी गती वाढते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाच्या टिमोलॉलच्या थेंबांनी ती मंदावू शकते. डोळ्यांच्या थेंबांचा हृदयाशी काय संबंध, असे वाटून रुग्ण ते सांगत नाहीत. तेही सांगावेत.

‘पॉज’ म्हणजे दोन ठोक्यांमधील नेहमीपेक्षा मोठे अंतर. अहवालात साधारणतः २ सेकंदांहून मोठे अंतर मोजले जाते. ‘हृदय दोन सेकंद बंद पडले’ असा त्याचा अर्थ लावून घाबरून जाण्याचे कारण नाही. झोपेत असे विराम अनेक निरोगी माणसांत आढळतात. रात्री वारंवार आणि मोठे विराम येत असतील, तर रुग्ण मोठ्याने घोरतो का, मध्येच त्याचा श्वास अडतो का, हे घरच्यांनी डॉक्टरांना सांगावे. झोपेत श्वास अडण्याच्या विकाराने हृदय मंदावते आणि तेथे उपचार श्वासाचा करावा लागतो. जागेपणी ३ सेकंदांहून मोठा विराम, आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे अंधारी, ही जोडी मात्र गंभीर मानावी.

जादा ठोके: किती म्हणजे फार?

रुग्णांना सर्वाधिक धसका बसतो तो ‘एक्टोपिक’ या शब्दाचा. हृदयाचा ठोका वरच्या उजव्या कप्प्यातील एका ठरावीक जागी सुरू होतो. क्वचित दुसऱ्याच ठिकाणाहून एखादा ठोका वेळेआधी निघतो, तो एक्टोपिक. वरच्या कप्प्यातून निघाला तर सुप्राव्हेंट्रिक्युलर, खालच्या कप्प्यातून निघाला तर व्हेंट्रिक्युलर. त्यानंतर किंचित मोठे अंतर पडते आणि पुढचा ठोका जोराने जाणवतो. ‘हृदय चुकले’ असे रुग्ण सांगतात ते हेच. चोवीस तास नोंद घेतल्यास निरोगी माणसांतही असे काही ठोके सापडतात आणि वयाबरोबर ते वाढतात.

म्हणून आकडा टक्केवारीत पाहावा. एकूण १ लाख ठोक्यांत १,२४६ जादा ठोके म्हणजे सव्वा टक्का. तेच १०-१५ हजार असतील, तर ते १० टक्क्यांच्या पुढे जातात आणि दीर्घकाळ तसेच राहिल्यास काही रुग्णांत हृदयाचा स्नायू दुबळा होऊ लागतो. अशा वेळी इकोकार्डिओग्राफी आवश्यक ठरते. प्रत्येक दुसरा ठोका जादा असला तर ‘बायजेमिनी’, प्रत्येक तिसरा असला तर ‘ट्रायजेमिनी’, दोन लागोपाठ आले तर ‘कपलेट’ अशी नावे अहवालात आढळतील. नावे भारदस्त असली तरी ती केवळ मांडणीची आहेत. खालच्या कप्प्यातून तीन किंवा अधिक ठोके मिनिटाला १०० पेक्षा अधिक वेगाने लागोपाठ आले, तर त्याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. ३० सेकंदांच्या आत ते आपोआप थांबल्यास पुढे ‘नॉन-सस्टेन्ड’ असे जोडले जाते. ही नोंद दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, इकोमध्ये हृदयाची आकुंचनक्षमता घटलेली असेल किंवा कुटुंबात तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर तिचे गांभीर्य कित्येक पटींनी वाढते.

जादा ठोके दिसले की ते औषधाने घालवून टाकावेत, हा विचार तर्कशुद्ध वाटतो. वैद्यकशास्त्रालाही एकेकाळी तो तसाच वाटत होता. अमेरिकेत झालेल्या ‘कास्ट’ या मोठ्या अभ्यासाने तो पार उलटवला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि जादा ठोके असलेल्या रुग्णांना फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड ही औषधे देण्यात आली. या औषधांनी आपले जादा ठोके कमी होतात, हे या रुग्णांत आधीच दिसून आलेले होते. तरीही १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्यांपैकी ७.७ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के रुग्ण दगावले. अहवाल सुधारला आणि रुग्ण गेले. तेव्हापासून केवळ होल्टरमधील आकडा खाली आणण्यासाठी औषध देण्याबाबत हृदयरोगतज्ज्ञ सावध झाले. ‘इतके एक्टोपिक आहेत आणि डॉक्टरांनी एकही गोळी दिली नाही’ अशी तक्रार करणाऱ्या नातेवाईकांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

थोड्या आकड्यातला मोठा धोका

याउलट, एखादी लहानशी नोंद पुढचे सर्व उपचार बदलून टाकते. एट्रियल फिब्रिलेशन ही तशी नोंद. यात हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन न पावता थरथरत राहतात, ठोके पूर्णतः अनियमित होतात आणि डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेल्यास पक्षाघात. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, असे मानले जाते. अनेकांना धडधड जाणवतही नाही. अहवालात ‘एएफ’ आढळल्यास वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, हृदयाचा दुबळेपणा अशा बाबी पाहून रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे की नाही, हे ठरते. ॲस्पिरिन हा त्याला पर्याय नाही. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण अजूनही आढळतात. त्यांच्याबाबत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात, ज्यात भारतातील रुग्णही होते, नव्या रिव्हारॉक्सॅबॅनपेक्षा वॉरफेरिनच्या जातीची जुनी औषधे सरस ठरली. तेव्हा ‘नवे औषध अधिक चांगले’ असे समजून परस्पर गोळी बदलू नये.

‘ब्लॉक’ या शब्दाने होणारा घोटाळा तर नित्याचा आहे. अहवालात ‘फर्स्ट डिग्री ब्लॉक’ दिसले की ‘अँजिओप्लास्टी करावी लागेल का’ हा प्रश्न ठरलेला. रक्तवाहिनीतील अडथळा वेगळा आणि हा ब्लॉक वेगळा. येथे अडथळा विद्युत संदेशाच्या वहनात असतो. पहिल्या श्रेणीत संदेश उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो. सहसा काही करावे लागत नाही. दुसऱ्या श्रेणीतील ‘वेन्केबाख’ प्रकार तरुणांत रात्री झोपेत आढळला तर बहुधा निरुपद्रवी असतो. त्याच श्रेणीतील ‘मोबिट्झ टू’ आणि तिसऱ्या श्रेणीचा संपूर्ण ब्लॉक मात्र धोकादायक. तेथे रुग्णाला त्रास नसला तरी अनेकदा पेसमेकरचा सल्ला दिला जातो. होल्टरमधील ‘एसटी’ बदलांवरून रक्तवाहिन्यांविषयी निष्कर्ष काढण्याचीही घाई करू नये. कूस बदलली तरी ती रेषा खालीवर होते. त्या शंकेसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. हृदयगतीच्या चढउताराचे ‘एचआरव्ही’चे तक्ते सर्वसामान्य रुग्णाने सोडून दिले तरी चालतात.

घाम, दात घासणे आणि विजेची गुणगुण

हृदयाचा विद्युत संकेत १ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे अत्यंत क्षीण असतो. घरातील वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. ही गुणगुण आलेखात मिसळू नये म्हणून यंत्रात गाळणी बसविलेली असते. तरीही विजेची मोठी उपकरणे आणि शक्तिशाली चुंबक यांच्या निकट काम करणाऱ्यांनी चाचणीपूर्वी डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगावे. कामावरच त्रास होत असेल, तर सुटी घेऊन घरी पडून काढलेली नोंद फारशी उपयोगी नसते. काय करता येईल, हे त्यांनाच विचारावे.

उन्हाळ्यात नागपूर परिसराचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि घामाने चिकटपट्ट्या सुटतात. सुटलेल्या पट्टीची सपाट रेषा संगणकाला विरामासारखी भासू शकते. दात घासताना हाताच्या लयबद्ध हालचालीने उमटणारा आलेख तर हुबेहूब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारखा दिसल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणून अहवालात भयावह शब्द असेल, तर त्यासोबत त्या क्षणाचा आलेख छापलेला आहे का, हे पाहावे आणि तो तज्ज्ञाने स्वतः डोळ्यांखालून घातला आहे का, हे विचारावे. यंत्र असताना आंघोळ टाळावी, समोरून उघडणारे सैल सुती कपडे घालावेत आणि पट्टी सुटली तर ती वेळ लिहून ठेवावी.

‘नॉर्मल’चे दोन अर्थ

डायरीत ‘दुपारी ४.१०, जोरात धडधड’ अशी नोंद आहे आणि त्या वेळचा आलेख सरळ, नियमित आहे, तर तो मोठा दिलासा होय. धडधडीचे कारण लयबिघाडात नाही, हे त्यातून कळते. परंतु त्या चोवीस तासांत त्रास झालाच नसेल, तर ‘नॉर्मल’ अहवालाचा अर्थ एवढाच की त्या दिवशी काही घडले नाही. महिन्यातून एकदा शुद्ध हरपणाऱ्या माणसाला एका दिवसाच्या नोंदीने निर्दोष ठरविता येत नाही. अशा वेळी ७ किंवा १४ दिवस छातीवर राहणारी चिकटपट्टी, त्रासाच्या वेळी नोंद घेणारा रेकॉर्डर किंवा त्वचेखाली बसवून काही वर्षे चालणारा लूप रेकॉर्डर असे पर्याय उपलब्ध आहेत. ईसीजी घेणारी मनगटी घड्याळे धडधडीच्या क्षणाचा पुरावा टिपू शकतात. त्या आलेखाची प्रत डॉक्टरांना दाखवावी, निदान मात्र घड्याळावर सोपवू नये. उंचावर, यंत्रांजवळ किंवा वाहनावर काम करणाऱ्या आणि कारण न कळता बेशुद्ध पडलेल्या व्यक्तीने अहवाल नॉर्मल असला तरी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय त्या कामावर परतू नये. शुद्ध हरपणे, छातीत सतत दुखणे किंवा धडधडीसोबत धाप लागणे, असे झाल्यास अहवालाची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांकडे जाताना केवळ निष्कर्षाचे शेवटचे पान नेण्याची सवय सोडावी. आलेखांसह पूर्ण अहवाल, भरलेली डायरी, जुने ईसीजी, इकोचा अहवाल आणि थेंब-पंपांसह सर्व औषधांची यादी सोबत असावी. प्रश्न दोनच विचारले तरी पुरे: मला त्रास झाला तेव्हा आलेखात काय दिसत होते? आणि माझ्या हृदयाची रचना पाहता या नोंदीचा अर्थ काय?